विश्लेषण : थंडी नाशिक-पुण्याची, मग घर फिनलंडपेक्षा गार कसे? शेगडी, हीटर की एसी, काय परवडते आणि काय जिवावर बेतते?

निफाडचा पारा पाच अंशांखाली घसरला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यात हवेचे तापमान असते. माणूस ज्या खोलीत झोपतो त्या खोलीचे तापमान मात्र फारसे कोणी मोजत नाही. बाहेर दुपारी ऊन पडलेले असते आणि घरात फरशीवर पाय ठेववत नाही, हा अनुभव नाशिक, पुणे, जळगाव, नागपूर इथल्या घराघरांत आहे. वर्षातले आठ-नऊ महिने उकाड्याशी झुंजणारी ही घरे थंडीत ऊब का धरत नाहीत आणि ती कृत्रिमरीत्या तापवायची तर कशी, हे पाहू.

उबदार प्रदेशातले घर थंडीत अधिक गार का?

थंडीने माणसे कुठे जास्त मरतात, असे विचारले तर कोणीही फिनलंड, स्वीडन अशी नावे घेईल. जे. डी. हीली या संशोधकाने २००३ मध्ये युरोपातल्या १४ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिवाळ्याच्या चार महिन्यांत एरवीपेक्षा किती टक्के अधिक मृत्यू होतात, हे त्यात तपासले होते. फिनलंडमध्ये ही वाढ १० टक्के होती. सर्वात वाईट आकडा निघाला तो उन्हाळी सुट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पोर्तुगालचा, २८ टक्के. स्पेनमध्येही ही वाढ २१ टक्के होती.

उलटे वाटणाऱ्या या आकड्यांमागचे कारण व्यवहारी आहे. हेलसिंकीत घर तापवण्याची सोय नसेल तर माणूस जगणारच नाही. त्यामुळे तिथे जाड उष्णतारोधक थर, दुहेरी-तिहेरी काचा आणि कायमची तापवणी यंत्रणा हा घराच्या किमतीचाच भाग असतो. लिस्बनमध्ये थंडी दोन-तीन महिन्यांची. तेवढ्यासाठी खर्च कोण करणार? म्हणून घर बांधले जाते ते उन्हाळ्यासाठी, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्यासाठी. आपल्याकडेही तेच. रात्री १० अंश तापमान असताना आपले घर प्रामाणिकपणे उन्हाळ्यातले काम करत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत समशीतोष्ण आणि थंड हवामानाच्या देशांसाठी घरातले किमान सुरक्षित तापमान १८ अंश सांगितले आहे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे किंवा हृदयाचे रुग्ण यांच्यासाठी ते त्याहून जास्त लागू शकते. डिसेंबरच्या पहाटे निफाडच्या पत्र्याच्या खोलीत ते किती असेल, याचा अंदाज बांधायला थर्मामीटरची गरज नाही.

खोली तापायला किती वीज लागते?

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर, म्हणजे ४१ किलो हवा मावते. ही हवा १४ अंशांवरून २२ अंशांवर न्यायला जेमतेम ०.०९ युनिट वीज पुरते. हजार वॅटच्या हीटरला हे काम सहा मिनिटांतही जमायला हवे.

प्रत्यक्षात तासभर हीटर लावूनही खोली कुडकुडतच असते. कारण आपण हवा नाही, भिंती तापवत असतो. नऊ इंची विटेची भिंत, काँक्रीटचा स्लॅब आणि फरशी यांचे वजन हवेच्या शेकडो पट असते आणि ते आधी आपला वाटा घेतात. त्यानंतर गळती सुरू होते. वर गच्ची आणि दोन बाजूंना बाहेरच्या भिंती असलेल्या अशा खोलीत आत-बाहेर आठ अंशांचा फरक राखायचा, तर ढोबळ हिशोबाने छतातून पावणेतीनशे, भिंतींतून सव्वातीनशे आणि एकेरी काचेतून सत्तर वॅट सतत निसटतात. स्लायडिंग खिडक्यांच्या आणि दाराखालच्या फटींतून जाणारी हवा आणखी शे-दोनशे वॅट घेऊन जाते. म्हणजे हजार वॅटचा हीटर रात्रभर केवळ गळती भरून काढतो. फटींना रबरी पट्टी लावणे आणि दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवणे हा जवळपास फुकटचा उपाय आहे आणि सर्वांत आधी तोच करायला हवा. अट एकच. त्या खोलीत काहीही जळत नसावे.

शेगडीत धूर नसेल तर ती सुरक्षित असते का?

नाही. दर हिवाळ्यात दिल्ली, उत्तर प्रदेश, पंजाब, हरयाणातून बंद खोलीत अंगीठी लावून झोपलेली अख्खी कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या येतात. महाराष्ट्रातही शेगडी आणि बाथरूममधले गॅस गिझर यांनी बळी घेतले आहेत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यात चार मुले, हॉटेलच्या खोलीत बेशुद्धावस्थेत आढळले आणि रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. खोलीत गॅसवरचा हीटर सुरू होता.

मारेकरी एकच, कार्बन मोनॉक्साइड. निखारा धगधगत असताना त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन डायऑक्साइडऐवजी हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला धरून ठेवते. आधी डोके जड होते, मग मळमळ आणि गुंगी. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

‘धूर गेला, आता निखारे लाल झाले, शेगडी आत आणा’ हा घरोघरी चालणारा सल्ला नेमका इथेच चुकतो. धूर दिसतो तोवर माणूस निदान खिडकी तरी उघडतो. लाल, बिनधुराच्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो आणि खोलीतला ऑक्सिजन जसजसा कमी होतो तसतसे त्याचे प्रमाण वाढत जाते.

मग आजी-पणजीच्या काळी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायचे, ओव्याची धुरी द्यायचे, त्याचे काय? ती शेगडी कौलारू घरातली होती. कौलांच्या फटी, उघडा माळा, सतत माणसांची ये-जा आणि शेगडीपाशी जागी असलेली एखादी बाई असे. तरीही तो प्रकार पूर्ण सुरक्षित होता असे नाही. पण तीच शेगडी आज ॲल्युमिनियमच्या खिडक्या गच्च लावलेल्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये गेली की बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकते. ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीने शेकता येते. ऊब तेवढीच मिळते आणि खोलीत काही जळत नाही.

शेगडीच्या खोलीत डोके दुखू लागले, मळमळले किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी गुंगी आली तर दारे-खिडक्या उघडून सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, वाऱ्याच्या जागी असावा. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारी छोटी अलार्म उपकरणे ऑनलाइन मिळतात. गॅस गिझर असलेल्या घरात त्यावरचा खर्च वायफळ नाही.

महागडा हीटर जास्त ऊब देतो का?

विजेच्या हीटरबाबत दुकानात जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे विसरून जायला हरकत नाही. एक युनिट वीज म्हणजे ३,६०० किलोज्यूल उष्णता, मग ती हजार रुपयांच्या कॉइलमधून निघो की दहा हजारांच्या तेलाच्या रेडिएटरमधून. ‘कमी विजेत जास्त गरम’ होणारा साधा हीटर अस्तित्वात नाही. फरक आहे तो ऊब कशी पोहोचते यात. हॅलोजन किंवा क्वार्ट्‌झ रॉडचा हीटर समोरच्या माणसाला थेट तापवतो, त्यामुळे गळक्या खोलीत अर्धा तास बसायला तोच उपयोगी. पंख्याचा ब्लोअर हवा लवकर तापवतो आणि बंद केला की ऊब तितक्याच लवकर जाते. तेलाचा रेडिएटर हळू तापतो आणि बंद केल्यावरही काही काळ गरम राहतो. त्याची लालबुंद सळई उघडी नसल्याने पडदा-पांघरूण पेटण्याचा धोका कमी आणि लहान मुलांच्या खोलीत तो बरा. विजेचा हीटर ऑक्सिजन जाळत नाही. त्याच्याशेजारी ठेवलेली पाण्याची वाटी विषारी वायूवर उपाय नाही, फार तर हवेतला कोरडेपणा थोडा कमी करते.

वायरिंगकडे मात्र लक्ष हवे. १,५०० वॅटचा हीटर सुमारे साडेसहा अँपिअर ओढतो आणि २,००० वॅटचा जवळजवळ नऊ. टीव्ही-मोबाइलचा साधा प्लग सहा अँपिअरचा असतो. हीटर नेहमी १६ अँपिअरच्या, जाड पिनांच्या पॉवर पॉइंटलाच लावावा. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो रात्रभर चालवला तर हीटरआधी बोर्डच तापतो.

एसीने घर तापवणे स्वस्त कसे?

एसी थंडावा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीत एक उलटफेर करणारा व्हॉल्व्ह असतो. तो फिरला की हेच यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणते. बाहेर १० अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. ती तयार करायची नसून फक्त वाहून आणायची असल्याने एका युनिट विजेत साधारण तीन युनिट इतकी ऊब मिळते. बाहेरची हवा जितकी गोठणबिंदूच्या जवळ, तितका हा फायदा घटतो. म्हणूनच हे यंत्र ओस्लोपेक्षा नाशिकला अधिक शोभते.

हिशोब सोपा आहे. १,५०० वॅटचा हीटर रोज सहा तास चालवला तर महिन्याला २७० युनिट जळतात. तेवढीच ऊब एसी सुमारे ९० युनिटमध्ये देतो. युनिटला १० रुपये धरले तर २,७०० विरुद्ध ९०० रुपये. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटनंतर आणि पुन्हा तीनशेनंतर चढत असल्याने हीटरवाल्या घराला प्रत्यक्ष फटका याहून मोठा बसू शकतो. अर्थात फक्त थंडी देणारा साधा एसी हे काम करू शकत नाही आणि चार आठवड्यांच्या थंडीसाठी नवा एसी घेणे हाही तोट्याचाच सौदा. पण उन्हाळ्यासाठी एसी घेणारच असाल, तर दुकानात हा पर्याय असलेल्या मॉडेलची किंमत विचारून घ्यावी.

टेक्सासमध्ये काय झाले?

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या भागांत अनेक मराठी कुटुंबे राहतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे जे घडले ते त्यांच्या नातेवाइकांनी इथे बसून व्हॉट्सॲपवर पाहिले. उष्ण हवामानाचे हे राज्य. तिथली दहापैकी सुमारे सहा घरे विजेवर तापतात, तीही बऱ्याच प्रमाणात साध्या कॉइलवर. हिमवादळ आले आणि सगळ्या घरांनी एकाच वेळी वीज मागितली. त्याच वेळी गॅसपुरवठा आणि वीज केंद्रे गारठून बंद पडू लागली. संपूर्ण ग्रिड कोसळण्यापासून ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होते. ४५ लाखांहून अधिक घरे आणि व्यवसाय अंधारात गेले. सरकारी आकड्यानुसार २४६ जणांचा मृत्यू झाला. त्यातले काही थंडीने नव्हे, तर घरात कोळशाची ग्रिल पेटवल्याने किंवा गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवल्याने साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले. म्हणजे तिथेही शेवटी शेगडीच.

खोली तापवावी की माणूस?

उबदार प्रदेशांतल्या लोकांनी यावर पूर्वीच उत्तर काढले होते. स्पेनमध्ये गोल टेबलाखाली निखाऱ्यांचे पात्र ठेवून वरून जाड कापड सोडत आणि घरचे सगळे त्यात पाय घालून बसत. जपानी कोतात्सु हा त्याचाच भाऊ. आता दोन्हीकडे निखाऱ्यांची जागा बहुतांशी विजेने घेतली आहे. आपली गोधडी आणि घोंगडी याच विचाराच्या. आजचा पर्याय म्हणजे विजेचे ब्लँकेट किंवा हीटिंग पॅड. ते ६० ते १०० वॅटवर चालते, म्हणजे आठ तासांत एक युनिटही जळत नाही. खोली तापवायला दीड हजार वॅट लागतात ते पाहता वृद्धांसाठी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. अंथरूण आधी गरम करून झोपताना ते बंद करणे उत्तम. तान्हे बाळ किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेले रुग्ण यांच्यासाठी मात्र ते वापरू नये, चटका बसल्याचे त्यांना कळत नाही.

रखवालदाराला ना खोली असते ना ब्लँकेट. तो टायर, पुठ्ठे, पालापाचोळा पेटवतो. दिल्लीत हवा बिघडली की लागू होणाऱ्या ‘ग्रॅप’ निर्बंधांत निवासी संघटनांनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर द्यावेत, अशी सूचना आहे. पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांनी त्यासाठी दिल्लीइतकी हवा बिघडण्याची वाट पाहायची गरज नाही.

छतावरच खर्च का करावा?

निरभ्र रात्री उघडा स्लॅब आपली उष्णता थेट आकाशात फेकतो, म्हणून वरच्या मजल्यावर थंडी आणि उन्हाळा दोन्ही जास्त छळतात. खानदेश-मराठवाड्यातली धाब्याची घरे दोन्ही ऋतूंत सुसह्य असत, कारण छतावर मातीचा जाड थर असे. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये छतातून प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये अशी मर्यादा आहे. थर नसलेल्या नुसत्या स्लॅबमधून त्याच्या अडीच ते तीन पट जाते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम काढलेच असेल तर त्याच खेपेला उष्णतारोधक थर टाकून घेता येतो. मजुरी एकदाच पडते.

तोवर उन्हावर भागवता येते. महाराष्ट्रात डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आतवर येते. मे महिन्यात तो डोक्यावर असतो आणि छोटा छज्जाही त्याला अडवतो. अकरा ते चार या वेळेत दक्षिणेचे पडदे सारून ठेवावेत आणि ऊन कलताच खिडक्या-पडदे लावून घ्यावेत. सहा वाजता खिडकी लावली तर दिवसभरात भिंतींत साठलेली ऊब तोपर्यंत बरीचशी निघून गेलेली असते.