घरातील झुरळे : ओळख व बंदोबस्त

आमचे काम उसाचे. खोडकीड, हुमणी, लोकरी मावा यांवर आम्ही या अंकातून वरचेवर लिहितो. पण अलीकडे गटागटांतून फिरताना उसाची चौकशी आटोपली, की आतून वहिनी हमखास विचारतात, "साहेब, झुरळांवर काही औषध सांगा की." त्यावर मालक म्हणतात, "औषध हाय की घरात, हुमणीचं उरलेलं. तेच मारतो." हे दुसरे वाक्य ऐकूनच हा लेख लिहायला घेतला. शेतातले औषध स्वयंपाकघरात मारू नका, हे आधीच सांगून टाकतो. का, ते पुढे येईलच.

कीड ओळखल्याशिवाय शेतात पंप उचलू नये, तोच नियम घरात. आपल्याकडे घरात मुख्यतः दोन जातींची झुरळे आढळतात. पहिले मोठे, तांबूस तपकिरी, दीड इंचाच्या आसपास, डोक्यावरच्या ढालीला पिवळसर कडा असलेले. हे अमेरिकन झुरळ. नाव अमेरिकन, मूळ मात्र आफ्रिकेतले. याचा मुक्काम गटारात, संडासाच्या टाकीत; रात्री मोरीच्या भोकातून वर येते. दुसरे लहान, जेमतेम अर्ध्या इंचाचे, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. याला ऊब, ओल आणि फट लागते. फ्रीजच्या मागे, मिक्सरखाली, शेगडीखाली, फडताळाच्या बिजागरीत ते सापडणारच.

लहान झुरळे म्हणजे मोठ्यांची पिल्ले, असा समज आहे. तो चुकीचा. पिल्लांना पंख नसतात. पंख असलेले लहान झुरळ ही पूर्ण वाढलेली वेगळी जात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जनुके तपासून असे दिसले, की हे 'जर्मन' झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियात निपजले. म्हणजे पाहुणा कसला, घरचाच!

या जर्मन मादीच्या एका अंडकोषात ३० ते ४० अंडी असतात आणि पिल्ले निघायची वेळ होईपर्यंत ती तो पोटाच्या टोकाला घेऊनच फिरते. उबेच्या जागी दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी अंड्यावर येते. फवारा मारला की दिसणारी मरतात, फटीतली आत सरकतात, अंडकोषातली अंडी बहुधा वाचतात. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. मग माणूस औषध वाढवतो, आणि तिथेच घात होतो.

गेल्या वर्षी एका सभासदाच्या घरी उसासाठी आणलेले क्लोरपायरीफॉस ओट्याखाली आणि भांड्यांच्या फळीवर पंपाने मारले, दारे-खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी त्याच फळीवरची परात नुसती पुसून भाकरी थापली. रात्री सुनेला आणि पाच वर्षांच्या नातवाला उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम. शेजाऱ्याच्या जीपने तालुक्याला नेले. औषधाची बाटली बरोबर घेण्याचे भान कोणाला तरी राहिले, म्हणून डॉक्टरांना नेमके विष कळले. दोघे वाचली. झुरळे महिन्याभरात परत आली.

काहींच्या माळ्यावर अजून फोरेटची पिशवी, नाहीतर लोक ज्याला नुवान म्हणत ते डायक्लोरव्हॉस पडून असते. या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात त्यांचा वापर तर नकोच नको.

एक सभासद आम्हाला म्हणाले, "बाजारातल्या झुरळांच्या जेलमध्ये फिप्रोनिलच असतंय, हुमणीच्या पुडीतपण तेच. मग फरक काय?" प्रश्न रास्त आहे. जेलमध्ये फिप्रोनिल ०.०५ टक्के असते, हुमणीच्या त्या पुडीत ४० टक्के, म्हणजे आठशेपट. शिवाय जेल ठिपक्याच्या जागी राहते. पूड हाताला, पिठाला, पोराच्या खाऊला लागते.

लहान झुरळांसाठी हे जेलच उत्तम. फटीच्या तोंडाशी, बिजागरीत, फ्रीजच्या मागे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके द्यावेत. एका जागी मोठा गोळा नको. झुरळ खाऊन फटीत परतते व मरते. त्याची विष्ठा आणि मढे खाऊन बाकीचीही मरतात. मात्र त्या जागी फवारा मारू नये, त्याच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. जेल खात नसतील तर कंपनी बदलून पाहावी. अमेरिकेत फ्लोरिडात ग्लुकोजला तोंड न लावणारी जर्मन झुरळे आढळल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. ग्लुकोज त्यांना कडू लागते, हे २०१३ साली उलगडले. गोडाला नाही म्हणणारा जीव आम्हा साखरवाल्यांना नवलाचाच!

स्वस्त उपाय म्हणजे कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर. कोरड्या फटीत अगदी पातळ धुरळावी. ढीग केला तर झुरळ वळसा घालून जाते, ओल लागली तर फुकट. हेही विषच आहे. मुलांचा हात पोचेल तिथे नको आणि पिठाच्या डब्याशेजारी तर मुळीच नको.

पण पाणी तोडल्याशिवाय यातले काही टिकत नाही. नुसत्या पाण्यावर जर्मन झुरळ महिनाभर तगते. अन्नपाणी दोन्ही तोडले तर दोन आठवडे काढणेही त्याला जड जाते. तेव्हा रात्री ओटा पुसून कोरडा करावा, गळका नळ दुरुस्त करावा, खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत, फटी सिमेंटने बुजवाव्यात. मोठ्या झुरळांसाठी मोरीच्या भोकाला बारीक जाळी आणि संडासाच्या टाकीचे झाकण घट्ट, एवढ्यानेच निम्मे काम होते.

घरात दमेकरी असेल तर हे लवकर करावे. झुरळांच्या विष्ठेने आणि कातेने दमा बळावतो.

आणि सभासद साखरेचे, धान्याचे किंवा उसने आणलेले रिकामे पोते घरात नेण्याआधी अंगणात उन्हात झटकून घ्या. शिवणीत अंडकोष असले, तर तिथेच दिसतील.