लिहिलेल्या स्वरांतली उपज
घरी पाश्चात्त्य वाद्यवृंदाची तबकडी लागली की वडील म्हणत, "सारे आधीच लिहिलेले, यात उपज कोठली?" शार्ल म्युन्श यांनी बोस्टनच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली बेर्लिओझची 'सिंफनी फांतास्तिक' ऐकून माझी ती शंका फिटली. १९५४ आणि १९६२ अशा दोन्ही ध्वनिमुद्रिका मी लागोपाठ लावल्या. लिपी तीच, श्वास मात्र निराळा! तालमींचा अतिरेक म्युन्श यांना रुचत नसे. आयत्या वेळची स्फूर्ती त्यांना प्रिय. अखेरच्या चेटकिणींच्या मेळ्यात ते लय अशी चढवतात की वादकांची फळी क्वचित विस्कटते. पण नेमका तेथेच जीव थरारतो. १९६८ साली पॅरिसच्या वाद्यवृंदासह अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच त्यांनी देह ठेवला. आज वडील असते, तर उत्तरादाखल त्यांच्यापुढे याच दोन तबकड्या ठेवल्या असत्या.