दहा हजारांत घरचा पडदा

मगरिबची नमाज झाली की पूर्वी घरातली माणसे एका खोलीत यायची. आता त्याच वेळी ती पांगतात. एक मूल मोबाईल घेऊन माळ्यावर, दुसरे पलंगावर, तिसरे मोरीच्या पायरीवर. आमच्या घरीही हेच चालले होते. पाच माणसे आणि चार मोबाईल. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्या दादी तसबीह हातात घेऊन एकट्या बसायच्या.

दिवाणखान्यात टीव्ही होता, पण तो साधा, ३२ इंची. इंटरनेटची सोय नसलेला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या असंख्य घरांप्रमाणे आमचाही सगळा तळमजला पाण्याखाली गेला. फ्रिज, कपाट, जुना टीव्ही, मुलांची पुस्तके, लग्नाचे अल्बम, सगळे वाशिष्ठीच्या चिखलात गेले. त्यानंतर घेतलेला हा टीव्ही सर्वांत स्वस्तातला होता. केबलचे पैसे परवडेनात म्हणून तोही नुसताच भिंतीवर होता.

मागच्या वर्षी मुलांच्या अब्बांनी कुवेतहून फोनवर सांगितले, “मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन टाका, हप्त्याने देतात.” आम्ही दुकानात गेलो. ‘नो कॉस्ट ईएमआय’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. कागद नीट वाचला तेव्हा कळले की व्याज आहेच. दुकानदार तेवढी सूट देतो म्हणून ते दिसत नाही, आणि बँक त्या व्याजावर जीएसटीही लावते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. दादी एवढेच म्हणाल्या, “जे रोख घेता येत नाही ते आपल्याला अजून लागत नाही.” आम्ही परत आलो.

पण गरज होती, आणि ती दादींचीच होती. २००४ मधल्या निकाहच्या दोन व्हीसीडी माळ्यावरच्या बॅगेत होत्या, म्हणून पुरातून वाचल्या. त्यांत दादा होते. दादांचा इंतकाल २०११ मध्ये झाला. त्यांचा आवाज दुसऱ्या कशातही उरलेला नव्हता. घरात व्हीसीडी प्लेअर नव्हता, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही दादींना मोबाईलच्या पडद्यावर काही दिसत नव्हते, आणि तबकड्या वीस वर्षांच्या झाल्या होत्या.

मुलांचे मामू संगणक दुरुस्तीचे काम जाणतात. त्यांनी मार्ग सुचवला: टीव्ही आहे तोच ठेवा, त्याच्यामागे एक जुना छोटा संगणक लावा. बजेट ठरले दहा हजार, आणि तेही रोख.

कोणता संगणक घ्यावा

बँका आणि कचेऱ्यांत टेबलाखाली किंवा मॉनिटरच्या पाठीमागे जाड पुस्तकाएवढे संगणक बसवलेले असतात. लेनोवोचा ‘टायनी’, डेलचा ‘मायक्रो’, एचपीचा ‘मिनी’ ही त्यांचीच नावे. कचेऱ्या काही वर्षांनी ते एकगठ्ठा विकतात. सध्या ते जास्तच बाहेर पडत आहेत. कारण विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची चांगली चालणारी यंत्रे कचेरीसाठी निरुपयोगी ठरली. घरासाठी ती निरुपयोगी नाहीत.

पिढी ओळखणे सोपे आहे. आय-३ किंवा आय-५ च्या पुढे ६१०० सारखा आकडा असेल तर सहावी पिढी, ७१०० सारखा असेल तर सातवी. मामूंनी सातवीचाच आग्रह धरला, आणि त्याला कारण होते. चित्रफीत दाबून लहान केलेली असते. पाहताना ती उलगडावी लागते. उलगडण्याची सोय प्रोसेसरमध्येच असेल तर यंत्र थंड आणि शांत राहते. नसेल तर पंखा घरघरतो आणि चित्र अडखळते. जुनी एच.२६४ पद्धत सगळ्यांनाच येते. एचईव्हीसी आणि यूट्यूब वापरते ती व्हीपी-९ या दोन्ही पद्धती सातव्या पिढीला नीट येतात. एव्ही-१ ही नवी पद्धत मात्र अकराव्या पिढीपासून पुढे आली. ती नसली तरी ३२ इंची साध्या टीव्हीवर फरक जाणवत नाही.

मेमरी ८ जीबी पुरते. जमल्यास ८ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन घ्याव्यात. चित्र दाखवणारा भाग हीच मेमरी वापरतो आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला वेग मिळतो. जुनी हार्ड डिस्क मात्र घेऊ नये. त्याऐवजी नवी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राला सगळ्यांत जास्त तजेला त्यानेच येतो.

दुकानातच काय तपासावे

पहिले यंत्र आम्ही परत केले. घरी आणून चालू केले तर बायोसचा पासवर्ड मागू लागले. जुन्या कचेरीने घातलेला तो पासवर्ड विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. पासवर्डशिवाय नवी प्रणाली घालता येईना. दुकानदाराने कुरकुर करत का होईना, बदलून दिले.

दुसऱ्या वेळी थोरली मुलगी यादी घेऊन गेली. ती दहावीत आहे. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून नेले, त्यावरच यंत्र सुरू केले, बायोस उघडतो का पाहिले, आणि पंधरा मिनिटे चित्रफीत चालवून पंख्याचा आवाज ऐकला. सोबतचा अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे ना, तेही बघितले. यंत्राचे घड्याळ मागे पडत होते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, ती ४० रुपयांत बदलली. हे क्षुल्लक वाटेल, पण तारीख चुकीची असली की निम्म्या वेबसाइट ‘असुरक्षित’ म्हणून उघडतच नाहीत.

एक चूक आमची स्वतःची. या यंत्रांना बहुधा एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असते. आम्ही घाईने एक केबल आणली, ती टीव्हीवर काहीच दाखवेना. दोन दिवस आम्ही संगणकालाच दोष देत होतो. मग कळले की ही केबल एकाच दिशेने चालते. आमची एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारी होती, हवी होती उलटी. ३०० रुपये गेले. विकत घेताना “संगणकाला डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला एचडीएमआय” असे स्पष्ट सांगावे. योग्य केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो.

जोडणी

स्क्रू काढणे, एसएसडी बसवणे, धूळ झटकणे हे सगळे मुलीने केले. मामू बाजूला बसून फक्त सांगत होते. “मुलीच्या जातीला हे कशाला?” असे एका पाहुण्या बाईंनी विचारले. उत्तर दादींनीच दिले: “शिलाई मशीन उघडून मी स्वतः तेल घालायचे. हेही मशीनच आहे.”

प्रणाली म्हणून लिनक्स मिंट घातली. ती मोफत आहे, जुन्या यंत्रावर हलकी चालते, मराठी आणि उर्दू दोन्ही नीट दाखवते. चित्रफिती पाहण्यासाठी व्हीएलसी आणि कोडी. कोडीत घरचे फोटो, ध्वनिफिती, चित्रफिती मोठ्या चित्रांच्या यादीत दिसतात, त्यामुळे लहान मुलालाही ते चालवता येते. मोबाईलवर ‘कोर’ नावाचे मोफत ॲप घेतले की मोबाईलच कोडीचा रिमोट होतो. लिब्रेईएलईसी नावाची अधिक हलकी प्रणाली आहे, पण ती फक्त कोडी चालवते. आम्हाला अभ्यासासाठी ब्राउझर हवा होता, म्हणून मिंट.

सुरुवातीला दोन अडचणी आल्या. चित्राच्या चारही कडा कापल्या जात होत्या. टीव्हीच्या मेन्यूत चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ केल्यावर ते बरोबर झाले. काही टीव्हींत याला ‘स्क्रीन फिट’ म्हणतात. आवाज येत नव्हता, तो ध्वनीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडल्यावर आला.

खर्चाचा हिशेब असा: संगणक ६,५०० रुपये, २५६ जीबी एसएसडी १,४५०, केबल ३५०, टचपॅड असलेला बिनतारी कीबोर्ड ७५०, ६४ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह ९००, बॅटरी ४०. एकूण ९,९९०. चुकीच्या केबलचे ३०० धरले तर १०,२९०. विजेचेही पाहिले. असे यंत्र २० वॅट धरले आणि रोज तीन तास चालले तर महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. टीव्हीचे वेगळे.

काय पाहायचे, काय नाही

यंत्र लागल्याचे कळताच एका ओळखीच्या मुलाने सिनेमांनी भरलेली हार्ड डिस्क आणून दिली. “सगळे फुकट आहे,” म्हणाला. आम्ही ती परत केली. ज्याने मेहनत केली त्याला न विचारता त्याचा माल घेणे हे फुकट नसते, तो कोणाचा तरी हक्क असतो. कोडीत काही जण असेच चोरीचे चॅनेल दाखवणारी भर घालून देतात, तिच्यापासूनही दूर राहावे. ती यंत्र बिघडवू शकते आणि नियतही.

वैध मार्गाने मोफत मिळणारे काही कमी नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर मिळतात. ‘दीक्षा’वर इयत्तेनुसार धडे आहेत. विज्ञानाचा एखादा प्रयोग मोबाईलवर एकट्याने पाहणे आणि भिंतीवर तिघांनी वाद घालत पाहणे यात फार फरक आहे, हे मुलीच्या अभ्यासात दिसले. रमजानमध्ये मक्केतले थेट प्रक्षेपण दादींनी पहिल्यांदा डोळे न ताणता पाहिले. ज्यांच्या हजचे नाव अजून निघालेले नाही त्या माणसाला ते काय वाटते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

नियमही केले. पडदा दिवाणखान्यातच, झोपायच्या खोलीत नाही. अजान झाली की बंद. ईशानंतर एक तास, त्यापुढे नाही. काय पाहायचे ते आदल्या दिवशी ठरवायचे. टीव्ही घरात असावा की नाही यावर आपल्याकडे मतभेद आहेत आणि आम्ही त्यांचा आदर करतो. आमचा अनुभव एवढाच की चार बंद मोबाईलांपेक्षा सर्वांसमोरचा एक पडदा सांभाळणे सोपे गेले. रोज जमते असे नाही. परीक्षेनंतरच्या सुट्टीत नियम दोनदा मोडले, पुन्हा लावले.

दोन तबकड्या

व्हीसीडीचे काम शेवटी हाती घेतले. मामूंनी यूएसबीला लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह उसना दिला. व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे अगदी बारीक असते. एका तबकडीवर साधारण तासाभराचे चित्रीकरण मावते. ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ती फाईल असते. व्हीसीडीवरच्या चित्रफितीला साध्या डेटा सीडीसारखे चुका दुरुस्त करण्याचे जादा संरक्षण नसते. त्यामुळे ओरखडा आला की फाईल कॉपी होता होता मध्येच थांबते. अशा वेळी व्हीएलसीने तबकडी चालवून बघावी. ते खराब तुकडा ओलांडून पुढे जाते आणि चालता चालता नोंदही करता येते. तबकडी मऊ, ओलसर कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये.

पहिली तबकडी पूर्ण निघाली. दुसरी, वलीम्याची, अर्ध्यावर थांबली. तिच्या वरचा चमकदार थर एका बाजूने उडाला होता. पुसून, वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून, चार वेळा प्रयत्न केले. पुढचे आले नाही आणि आता येणारही नाही. तीन-चार वर्षांपूर्वी हे केले असते तर कदाचित आले असते. ज्यांच्या घरी अशा तबकड्या पडून आहेत त्यांनी संगणक घ्यावा न घ्यावा, पण त्या आजच काढून कोणाकडून तरी उतरवून घ्याव्यात.

जे निघाले त्याच्या तीन प्रती केल्या. एक संगणकात, एक पेन ड्राइव्हवर घरात, आणि एक गावाबाहेर उंचावर राहणाऱ्या मामूंच्या घरी. पुराने शिकवलेला हा धडा आहे: दोन्ही प्रती एकाच छपराखाली असतील तर ती एकच प्रत समजावी. पेन ड्राइव्हही कायमचे नसतात. दरवर्षी रमजानपूर्वी ते लावून पाहायचे ठरले आहे.

ईशानंतर सगळे बसलो. चित्र धूसर होते, रंग उडालेले. मंडपात गडबड चाललेली. मग दादा दिसले, खांद्यावर रुमाल, हातात पाण्याचा तांब्या. कॅमेरेवाल्याने बोलायचा आग्रह केला तर हात झटकून म्हणाले, “माझे काय घेतोस? आधी पाहुण्यांना जेवायला बसव.” एवढेच. दादांना कधीच न पाहिलेला धाकटा मुलगा म्हणाला, “दादा अब्बांसारखेच बोलतात.”

दादी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “परत लाव.” मुलीने परत लावले. नंतर तेवढा तुकडा कापून तिने अब्बांना कुवेतला पाठवला. त्यांचा फोन रात्री उशिरा आला. स्मार्ट टीव्हीचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही.