मारण्याआधी एक फोटो

मागच्या वेळी आपण गटाची कर्ज-नोंदवही कशी लिहायची ते बघितलं. आज वही बाजूला ठेवू आणि जरा परसबागेत जाऊ.

गोष्ट भाद्रपदातली. आमच्या गटातल्या एक ताई सकाळी दोडके तोडायला मांडवाखाली गेल्या. हात वर केला, तर पानामागे बोटभर लांबीचा हिरवा किडा. पुढचे दोन पाय जोडलेले, मान वळवून सरळ त्यांच्याचकडे बघतोय! ताई घाबरल्या. फडा उचलला, तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "थांब वं आई, मारू नको! आधी फोटो काढू दे." तिनं फोटो काढला आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. खाली ताईंचा प्रश्न होता, "हा नाकतोडा भाजी खाते काय? कोणतं औषध मारू?"

तो प्रश्न वाचून आम्हाला आमचीच एक चूक आठवली. ती आज सांगणार आहोत, कारण त्यातून शिकलेलं तुमच्याही कामाला येईल.

आमच्याकडून काय झालं होतं

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या आठ जणींच्या परसबागा होत्या. घरामागच्या जागेत चवळी, काकडी, वांगी, पालक आणि सांबार. घरी खाऊन उरेल ते वस्तीतच विकायचं, असा बेत. चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा आला. आम्ही घाई केली. एका दुकानातून औषध आणलं, तेही पाण्याच्या जुन्या बाटलीत सुटं ओतलेलं. नाव नाही, लेबल नाही. आठही बागांमध्ये सरसकट फवारून टाकलं.

तीन-चार दिवस बाग स्वच्छ दिसली. आम्ही खूश. पंधरा दिवसांत मावा परत आला आणि आधीपेक्षा जास्त आला. काकडीला फुलं होती, पण मधमाश्या दिसेनात. काकड्या लागल्या त्या वाकड्यातिकड्या, बऱ्याचशा बारीक असतानाच गळल्या. हे नुकसान पैशांचं होतं, सोसलं. पण एका घरी चार वर्षांची नात वेलावरची काकडी तोडून तशीच तोंडाला लावत होती. आजीचं लक्ष गेलं म्हणून बरं. फवारणीला तेव्हा दोनच दिवस झाले होते. त्या आजीनं आम्हाला एकच विचारलं, "बाई, तुम्ही त्या बाटलीवर काय लिहिलं होतं ते वाचलं होतं काय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण बाटलीवर काही लिहिलेलंच नव्हतं.

आपण विदर्भातल्या बाया. फवारणीचं विष काय करतं, हे आपल्याला कोणी दुरून सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ते माहीत असूनही आम्ही मुलांच्या ताटातल्या भाजीवर बिननावाचं औषध मारलं. म्हणून त्या ताईंचा प्रश्न आला, तेव्हा आम्ही आधी तो फोटो नीट बघितला.

हा नाकतोडा नाही

फोटोतल्या किड्याला मराठीत खंडोबाचा किडा म्हणतात. पुढचे पाय जोडून बसतो म्हणून प्रार्थना कीटक असंही नाव आहे. आपण मात्र हिरवं आणि लांबट दिसलं की त्याला नाकतोडाच म्हणतो. दोघांतला फरक ओळखणं सोपं आहे.

नाकतोड्याचे मागचे पाय मोठे आणि जाड असतात, कारण तो उड्या मारतो. तो पानं कुरतडतो. खंडोबाच्या किड्याचे पुढचे पाय मोठे असतात, आणि त्यांना आतून करवतीसारखे काटे असतात. त्याचं डोकं तिकोनी, मान लांब. आपण इकडून तिकडे गेलो की डोकं वळवून तो आपल्यामागे बघतो. पान तो खात नाही. तो शिकारी आहे. माश्या, तुडतुडे, अळ्या, पतंग, नाकतोडे, जे जिवंत आणि हलतं सापडेल ते पकडून खातो. पानासारखा गप्प बसून राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की पापणी लवायच्या आत झडप घालतो.

जगात याच्या सुमारे २४०० जाती आहेत, भारतात दीडशेच्या वर. काही हिरव्या, काही वाळक्या काडीसारख्या तपकिरी, काही झाडाच्या सालीसारख्या, तर काही फुलासारख्या रंगीत. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही रंग असू शकतात. म्हणून रंगावर जाऊ नका, पुढचे पाय बघा.

तो नाक तोडत नाही, आणि त्याला विषही नसतं. हातात धरून दाबला तर काट्यांनी टोचेल किंवा चावा घेईल, तेही जीव वाचवायला. आपण त्याला धरायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

त्याचं घर आपणच झाडून टाकतो

दोडक्याच्या मांडवाच्या बांबूवर, कुंपणाच्या तारेवर किंवा गोडनिंबाच्या फांदीवर कधी भुरकट, कडक गोळा दिसला का? साबणाचा फेस वाळून घट्ट झाल्यासारखा, शेंगदाण्याएवढा किंवा त्याहून मोठा? आम्ही तो वर्षानुवर्षं घाण समजून खरवडत होतो. तो या किड्याच्या मादीनं घातलेला अंड्यांचा कोश असतो. ती फेस सोडते, त्यात अंडी घालते आणि फेस वाळून कडक होतो. जातीप्रमाणे एका कोशात काही डझनांपासून काही शेपर्यंत अंडी असतात.

त्यातून मुंगीएवढी पिल्लं निघतात. त्यांना पंख नसतात. कात टाकत टाकत ती मोठी होतात, आणि शेवटची कात टाकल्यावरच पंख पूर्ण होतात. म्हणून बिनपंखांचा किडा दिसला तर बहुतेक वेळा तो अजून वाढत असलेलं पिल्लू असतो. निघालेल्या पिल्लांतली बरीचशी मुंग्यांच्या, कोळ्यांच्या, पाखरांच्या पोटात जातात. थोडीच मोठी होतात. आपल्या बागेत एखादाच मोठा किडा दिसतो, तो इतक्यांतून वाचलेला असतो.

मग मावा परत का आला?

खरं शिकायचं आहे ते इथं. माव्याची मादी नराशिवायसुद्धा जिवंत पिल्लं देते, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्या पिल्लांना पिल्लं होतात. मावा खाणारे ढालकिडे, कोळी, खंडोबाचे किडे यांची वाढ मात्र सावकाश होते. या किड्याला अंड्यातून निघून मोठं व्हायलाच काही महिने लागतात. सरसकट फवारलं की दोघंही मरतात. मग आधी परत येतो तो मावा, आणि तेव्हा त्याला खाणारं कोणी उरलेलं नसतं. आमच्या चवळीवर हेच झालं.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. खंडोबाचा किडा बागेत आला म्हणजे सगळी कीड संपली, असं नाही. मोठा किडा माव्यासारख्या बारीक जिवांकडे फारसा बघत नाही, ते काम ढालकिड्यांचं आणि याच्या लहान पिल्लांचं. शिवाय तो मधमाशी आणि फुलपाखरूही पकडतो. तो आपली चाकरी करायला आलेला नाही, पोट भरायला आला आहे. पण शिकारी किडा बागेत जगतोय याचा अर्थ त्याला पुरेल एवढं खाद्य तिथं आहे आणि कोणी सगळ्यांवर विष ओतलेलं नाही. आम्ही तर तो दिसला की बाग शाबूत आहे असं धरतो.

मावा आलाच तर आम्ही आता काय करतो? आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून तो पाडतो. फार भरलेले शेंडे खुडून टाकतो. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, संध्याकाळी फक्त मावा असलेल्या शेंड्यांवर शिंपडतो. सगळ्या बागेवर नाही. आणि कधी औषध घ्यायचीच वेळ आली, तर लेबल असलेली बंद बाटलीच घ्यायची. लेबलवरच्या तिकोनाचा रंग बघायचा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, तेही वाचायचं. वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचं.

फोटो कसा काढायचा

त्या मुलीच्या एका फोटोमुळे फडा खाली आला. म्हणून आम्ही गटात नियम केला, अनोळखी किडा दिसला की आधी फोटो. भारी कॅमेरा लागत नाही, आपला मोबाईल पुरतो.

सकाळी लवकर जा. तेव्हा ऊन कोवळं असतं, वारा कमी असतो आणि किडेही सुस्त असतात. फ्लॅश लावू नका. फार जवळ नेलं की मोबाईलला धूसर दिसतं, म्हणून वीतभर अंतरावरून काढा आणि नंतर मोठा करून बघा. हात कोपरापाशी अंगाला टेकवा, म्हणजे हलणार नाही. स्क्रीनवर किड्याच्या डोळ्यावर बोट ठेवा. डोळे स्पष्ट आले की फोटो जिवंत वाटतो. उभ्यानं वरून काढू नका, खाली बसून त्याच्या उंचीवरून काढा. मागे फार गर्दी असेल तर एखादीला पाठीमागे साधा कागद धरायला सांगा.

मोबाईल हळू न्या. या किड्याला अंतराचा अंदाज फार चांगला असतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर याच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणानं इवलेसे रंगीत चष्मे चिकटवले आणि थ्रीडी सिनेमा दाखवला. पडद्यावरचं भक्ष्य जवळ आल्यासारखं भासलं की तो झडप घालायचा. २०१६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे आपल्यासारखीच दोन डोळ्यांनी खोली जोखण्याची नजर या एवढ्याशा जिवाला आहे.

फोटोत त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसेल. कुठूनही काढा, तो ठिपका आपल्याकडेच रोखलेला असतो. ती बाहुली नव्हे. त्याचा डोळा हजारो बारीक भिंगांचा बनलेला असतो आणि जी भिंगं नेमकी आपल्या दिशेला असतात ती काळी दिसतात. आमच्या त्या ताई म्हणाल्या, "म्हणूनच मला वाटलं, हा माझ्याचकडे बघून राहिला!"

चांगल्या फोटोसाठी त्याला उचलून फुलावर ठेवू नका. जिथं आहे तिथंच काढा.

फोटोचं पुढे काय?

प्रत्येक फोटोबरोबर तीन गोष्टी लिहा: तारीख, जागा आणि कोणत्या झाडावर होता. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिका-महानगरपालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. त्या नोंदवहीत परसबागेतले किडे कोण लिहिणार? रोज सकाळी वेलाखाली उभ्या राहणाऱ्या बायाच लिहू शकतात. कर्जाचा हिशेब आपण चोख लिहितो, हाही लिहू.

त्या ताईंच्या मांडवावरचा किडा महिनाभर तिथंच होता. दिवाळीच्या सुमाराला तो दिसेनासा झाला, पण बांबूवर एक भुरकट गोळा दिसला. ताईंनी त्याच्याशेजारी लाल धागा बांधला. सफाईच्या वेळी कोणी खरवडू नये म्हणून. पावसाळ्यात त्यांनी पाठवलेल्या पुढच्या फोटोत त्या गोळ्याखाली मुंगीएवढी पिल्लं लोंबत होती. खाली लिहिलं होतं, "आमच्या घरी पाहुणे आले."

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम एवढंच. आपापल्या बागेत, कुंडीत, कुंपणावर एक किडा शोधा. फोटो काढा, तारीख लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. ओळखता नाही आला तरी चालेल. सगळ्या मिळून ओळखू.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.