मासे वर येतायत? औषध टाकण्याआधी कल्ला उघडून बघा



थंडी सरली, तळ्याचं पाणी तापायला लागलं आणि पातळीही उतरतेय. कमी पाण्यात माशांची दाटी झाली की जंत झपाट्याने पसरतात. म्हणून मारुंजी परिसरातल्या कटला, रोहू, मृगळ, गवत्या आणि सायप्रिनस पाळणाऱ्या सभासदांसाठी हा मेसेज.

पहाटे मासे वर येऊन आ वासत असतील तर बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडलेला असतो. ऊन चढलं की ते खाली जातात. पण दुपारीही वरच राहिले, काठाला अंग घासू लागले, खाद्य सोडलं, तर जंताची शंका घ्या.

मग जाळं टाकून आठ-दहा मासे काढा. बाजारात कल्ला उचलून बघतो ना, तसंच बघा.

१) कल्ला लालबुंद नसून फिका, सुजलेला, वर चिकट थर: हा कल्ल्यावरचा चपटा जंत. नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. औषधाने मोठे जंत मरतात, पण अंडी राहतात. त्यामुळे एका डोसवर काम भागत नाही.

२) अंगात काडीसारखा धागा रुतलेला, भोवती लाल जखम: हा अँकर वर्म. नावात वर्म असलं तरी तो जंत नाही, कोळंबीच्या जातकुळीतला आहे. जंताचं औषध त्याला लागू पडत नाही.

३) पोट फुगलेलं, कापल्यावर आत पांढरी फीत: हा फीतकृमी. पाण्यातले बारीक किडे खाल्ल्यावर माशाच्या पोटात जातो. याच्या एका जातीची अंडी पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून तळ्यात येतात.

दुखणी तीन, उपाय वेगवेगळे. म्हणून अंदाजाने काही ओतू नका. भाजीवर फवारायचं औषध तर तळ्यात अजिबात नको. त्याने मासे मरू शकतात, उरलेला मासा खाण्यालायक राहत नाही.

संशय आला तर दोन-तीन जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. मेलेला मासा नेऊ नका, कारण मासा मेला की कल्ल्यावरचे जंतही टिकत नाहीत. औषध आणि डोस तिथे विचारूनच.

आपल्या हातात आहे ते एवढं: नवीन बोटुकली सोडण्याआधी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. मासा कलंडू लागला तर लगेच काढा. एका तळ्यातलं जाळं दुसऱ्यात घालायचं तर आधी कडक उन्हात वाळवा. मेलेले मासे तळ्याबाहेर पुरा. मासे काढून झाले की तळं पूर्ण सुकवा. मातीचं तळं असेल तर गुंठ्याला अडीच किलो चुना मारा.

आज संध्याकाळी तळ्यावर एक चक्कर मारा. काही वेगळं दिसलं तर कल्ल्याचा फोटो ग्रुपवर टाका.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मारुंजी