पुण्याचा परवाना, हैदराबादचा करंडक

लीग नावाचं प्रकरण : लेखांक ६

मागच्या लेखांकात अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरबद्दल लिहिताना तीन गोष्टी लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. तिथे तळाला आलेला संघ खालच्या वर्गात ढकलला जात नाही. गुणतक्त्यात पहिला आलेला संघ आणि विजेता संघ वेगवेगळे असू शकतात. आणि संघ शहराच्या नावाने खेळला तरी शहराचा नसतो; मालकाकडे असतो तो लीगमध्ये खेळण्याचा परवाना, आणि तो खिशात घालून मालक दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवू शकतो. इंग्लंड-स्पेनचा फुटबॉल बघत वाढलेल्यांना हे सगळं विचित्र वाटतं. पण २०१४ साली सुरू झालेली आपली इंडियन सुपर लीग याच घडणीची आहे. आज तिचा एक हंगाम घेऊ : २०२१-२२ चा. संघ हैदराबाद एफसी.

त्या वर्षी हैदराबाद विजेते झाले, आणि अख्ख्या हंगामात हैदराबादेत एकही सामना झाला नाही. म्हणूनच हा हंगाम निवडला.

गोष्ट सुरू होते ती मात्र पुण्यात. एफसी पुणे सिटी हा लीगमधल्या पहिल्या आठ संघांपैकी एक. बालेवाडीचं मैदान, नारंगी जर्सी, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत मजल. २०१९ मध्ये मालकांची आर्थिक बाजू कोसळली आणि संघ गुंडाळला गेला. पुणेकरांना हा दुसरा फटका, कारण आय-लीगमध्ये चांगला खेळणारा पुणे एफसी २०१५ मध्येच बंद पडला होता. लीगमधली पुण्याची रिकामी जागा विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरानेनी यांनी घेतली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये हैदराबाद एफसीची घोषणा झाली. पुढे अभिनेता राणा दग्गुबाती सहमालक म्हणून आला. प्रशिक्षक फिल ब्राऊन पुण्याहूनच आले. मार्सेलिन्हो, निखिल पुजारी, आशिष राय हे खेळाडूही पुणे सिटीचेच. जर्सी तेवढी पिवळी झाली.

पहिला हंगाम आठवू नये असा गेला. पहिल्याच सामन्यात कोलकात्यात एटीकेने पाच गोल चढवले. गच्चीबावलीच्या बालयोगी स्टेडियमवर घरच्या पहिल्या सामन्यात केरळा ब्लास्टर्सला २-१ हरवलं, तेव्हा लोकांना वाटलं आता गाडी रुळावर आली. मग थेट शेवटच्या सामन्यात गुवाहाटीला दुसरा विजय मिळाला. १८ सामन्यांत २ विजय, १० गुण, दहा संघांत दहावं स्थान. ब्राऊन यांना हंगामाच्या मध्यातच निरोप मिळाला होता.

युरोपात अशा संघाची रवानगी खालच्या लीगमध्ये होते. प्रायोजक पळतात, खेळाडू विकावे लागतात. इथे दार बंद असल्यामुळे बाहेर कुणी काढत नाही. बंद लीगवर मी या मालेत पुष्कळ टीका केली आहे. पण ही मुभा नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे कबूल करायला हवं. हैदराबादला चुकायला आणि सुधारायला वेळ मिळाला.

त्या वेळाचं सोनं केलं मानोलो मार्केझ यांनी, आणि तेही योगायोगाने. संघाने आधी निवडलं होतं आल्बर्ट रोका यांना. त्यांना बार्सिलोनाचं बोलावणं आलं आणि ते गेले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मार्केझ आले. हेही बार्सिलोनाकडचेच, एकेकाळी लास पाल्मासचे प्रशिक्षक. त्यांनी नावाजलेल्या खेळाडूंमागे न धावता तरुण भारतीय मुलांना सलग खेळवायला सुरुवात केली. डाव्या बाजूला आकाश मिश्रा, उजव्या बाजूला आशिष राय, मधे हितेश शर्मा, पुढे मोहम्मद यासिर आणि लिस्टन कोलासो. चूक झाली म्हणून पुढच्या सामन्यात बाकावर बसवायचं नाही, हा शिरस्ता. २०२०-२१ मध्ये संघ पाचवा आला. २० सामन्यांत फक्त ३ पराभव, पण तब्बल ११ बरोबरी. शेवटच्या दिवशी गोव्याला हरवलं असतं तर पहिल्या चारांत जागा होती. सामना ०-० सुटला.

पुढच्या हंगामापासून लीगने नियम बदलला. मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू चालायचे, ते चारवर आणले, त्यातला एक आशियाई. परदेशी खेळाडूंच्या खांद्यावर उभ्या असलेल्या संघांची यात पंचाईत झाली. हैदराबादचा अभ्यास आधीच झालेला होता. कोलासोला मोठ्या रकमेला मोहन बागानने नेलं, तरी बाकीचा सांगाडा शाबूत राहिला.

आता तो हंगाम. कोविडमुळे सगळी लीग सलग दुसऱ्या वर्षी गोव्यात बंदिस्त होती. अकरा संघ हॉटेलांत कोंडलेले आणि तीन मैदानं : फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. यजमान कोण आणि पाहुणे कोण हे फक्त कागदावर. खुर्च्या रिकाम्या. जानेवारीत संघांमध्ये कोविड शिरला आणि काही सामने पुढे ढकलावे लागले. हैदराबादचा संघ हैदराबादपासून दूर होता, पण बाकीचेही आपापल्या गावापासून दूरच होते. घरच्या मैदानाचा फायदा कुणालाच नव्हता. त्यामुळे हा हंगाम निव्वळ खेळाची परीक्षा पाहणारा ठरला, असं माझं मत आहे.

सुरुवात चेन्नईकडून ०-१ अशा पराभवाने झाली. चारच दिवसांनी गतविजेत्या मुंबई सिटीला ३-१. डिसेंबरात नॉर्थईस्टला ५-१, ओडिशाला ६-१, जानेवारीत ईस्ट बंगालला ४-०. गोल करण्याचं काम मुख्यतः एकाचं : बार्थोलोम्यू ओगबेचे. वय ३७. नायजेरियाकडून २००२ चा विश्वचषक खेळलेला हा गडी आदल्या वर्षी मुंबईकडून विजेता झाला होता. या हंगामात त्याने १८ गोल केले आणि लीगच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा ठरला. तो फार पळत नसे. चेंडू जिथे पडणार तिथे दोन पावलं आधी पोचायचा, एवढंच. त्याच्या आसपास धावायला विशीतली पोरं होती. त्यात एक कोल्हापूरचा, अनिकेत जाधव. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. ईस्ट बंगालविरुद्ध ओगबेचेने तीन गोल मारले, चौथा अनिकेतचा.

साखळी संपली तेव्हा हैदराबादच्या खात्यात २० सामन्यांत ११ विजय, ५ बरोबरी, ४ पराभव, ३८ गुण होते. पहिला आला ४३ गुणांचा जमशेदपूर. त्यांनी हैदराबादला ३-० असं स्वच्छ हरवलंही होतं. जगातल्या बहुतेक लीगमध्ये गोष्ट इथेच संपते आणि करंडक जमशेदपूरला जातो. इथे पहिल्या क्रमांकाला मिळते 'शील्ड'. २०१९-२० पासून ती द्यायला लागले, अमेरिकेत असतेच. आशियाई स्पर्धांची वाट या शील्डवरून जाते. 'विजेता' मात्र त्या हंगामात पहिल्या चार संघांच्या बाद फेरीतून ठरायचा होता. जमशेदपूर उपांत्य फेरीत केरळाकडून हरलं आणि चार महिन्यांची मेहनत लोकांच्या आठवणीतून पुसली गेली. वीस सामन्यांची कसोटी हीच खरी, असं मी मानतो. पण टीव्हीवाल्यांना अंतिम सामना हवा असतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

हैदराबादने उपांत्य फेरीत मोहन बागानला पहिल्या सामन्यात ३-१ हरवलं, दुसरा ०-१ गमावला आणि एका गोलच्या फरकाने निभावलं. २० मार्च २०२२, फातोर्डा. समोर केरळा ब्लास्टर्स. प्रेक्षकांना आता परवानगी होती, आणि केरळचे लोक गाड्या भरभरून गोव्यात उतरले होते, सगळे पिवळ्या कपड्यांत. गंमत अशी की पिवळा रंग त्या दिवशी मैदानावर हैदराबादच्या अंगावर होता. केरळाला दुसरी जर्सी घालावी लागली. ६८ व्या मिनिटाला राहुल के. पी. ने केरळाचा गोल केला. ८८ व्या मिनिटाला, बदली म्हणून उतरलेल्या साहिल तावोराने पेटीबाहेरून चेंडू हवेतच मारला आणि १-१. तावोरा गोव्याचा.

पेनल्टीला गोलमध्ये उभा राहिला तोही गोव्याचाच. लक्ष्मीकांत कट्टिमणी. याची गोष्ट सांगायलाच हवी. २० डिसेंबर २०१५ रोजी याच फातोर्ड्यावर एफसी गोवा अंतिम सामना खेळत होता आणि कट्टिमणी गोलरक्षक होता. गोवा २-१ पुढे. ९० व्या मिनिटाला चेंडू त्याच्याच अंगाला लागून आत गेला, नोंद स्वयंगोलाची झाली. दोन मिनिटांत चेन्नईच्या मेंडोझाने आणखी एक मारला आणि करंडक चेन्नईला गेला. घरच्या लोकांसमोर असं झालेला गोलरक्षक सहा वर्षांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याच मैदानावर पुन्हा अंतिम सामन्यात उभा. त्याने लेस्कोविचची पेनल्टी अडवली. निशु कुमारची अडवली. रेषेवरून आधी हलला म्हणून पंचांनी पुन्हा मारायला लावली, तीही अडवली. मग जीक्सन सिंगची. हालिचरण नार्झारीने शेवटची आत घातली, ३-१. सामनावीर कट्टिमणी.

हैदराबादेत फुटबॉलचा करंडक येणं तसं नवं नव्हतं. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला, तोही मुंबईत कूपरेजवर. रहीमसाहेबांनीच पुढे भारताला १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथं स्थान आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून दिलं. रहीमसाहेबांच्या भारतीय संघातले तुळशीदास बलरामही सिकंदराबादचे. तो पोलीस संघ कुणाला विकत घेता आला नसता, आणि उचलून दुसरीकडे नेताही आला नसता.

हैदराबाद एफसीचं तसं नव्हतं. पुढचा हंगाम विजेत्यांनी सुरू केला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये, मुंबई सिटीशी ३-३ बरोबरी करून. मैदान कुठलं? बालेवाडी, पुणे. मग एकदाचे गच्चीबावलीला परतले. त्या वर्षीही दुसरे आले, ४२ गुण घेऊन, आणि उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरले. संघ अजून उत्तम होता. बिघडली होती ती मालकांची वही. खेळाडूंचे पगार थकले, तक्रारी फिफापर्यंत गेल्या, नवे खेळाडू घ्यायला बंदी आली. आशिष राय आधीच गेला होता, आकाश मिश्रा गेला, मार्केझ गोव्याला गेले, परदेशी खेळाडू निघून गेले. २०२३-२४ मध्ये उरलेल्या पोरांना घेऊन थांगबोई सिंगतो यांनी २२ सामने काढले. १ विजय, ८ गुण, तळाची जागा. २०२४ मध्ये बी. सी. जिंदाल समूहाने संघ घेतला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला.

अमेरिकेतही असं घडतं, पण तिथे लोक भांडतात आणि कधीकधी ऐकूनही घेतलं जातं. २००५ मध्ये शील्ड जिंकलेल्या सॅन होजेचा संघ ह्यूस्टनला नेला. पण लीगने नाव, रंग आणि जुने विक्रम सॅन होजेतच ठेवले, आणि २००८ मध्ये तिथे त्याच नावाचा संघ परत उभा राहिला. २०१७ मध्ये कोलंबसचा मालक संघ ऑस्टिनला न्यायला निघाला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी मोहीम उघडली, ओहायो राज्याने कायद्याचा बडगा दाखवला, स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि संघ राहिला. २०२० मध्ये तोच संघ विजेता झाला. आपल्याकडे पुण्याचे विक्रम कुणी जपले नाहीत आणि हैदराबादचे कोण जपणार हे कुणी विचारलेलं नाही. अनिकेतच्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीचा फुटबॉल संघ उद्या दिल्लीला नेतो म्हणालात तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. तालीम पेठेची असते. एफसी कागदाचा होता.

बंद दाराने हैदराबादला एकदा वाचवलं आणि त्याच दाराआड संघ नाहीसा झाला. माझ्या मते, परवाना हलवताना शहराचं नाव, रंग आणि नोंदी मागे ठेवायची अट लीगने घालावी. त्याला पैसाही लागत नाही.

हैदराबादेत व्यावसायिक फुटबॉल संपलेला मात्र नाही. अझीझनगरच्या डेक्कन अरेनावर श्रीनिधी डेक्कन हा संघ आय-लीग खेळत आला आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी दोन्ही वर्षं तो दुसरा आला. तिथून सुपर लीगमध्ये जायला पहिलं यावं लागायचं. हे दार कधी आणि कसं किलकिलं झालं आणि पंजाब एफसी त्यातून कसा आत शिरला, ते पुढच्या आठवड्यात. बालेवाडीला पुणे सिटीचे सामने पाहिलेल्या वाचकांनी तिकिटं, फोटो, कात्रणं जपून ठेवली असतील तर जरूर कळवावं.