होडी सोडावी की नाही?

जुलै महिन्यातील शनिवार. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या शाळेत सकाळची शाळा सुटते आहे. बाहेर रिमझिम चालू आहे आणि बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांवर ताडपत्र्या ओढलेल्या आहेत. दहावीतला एक विद्यार्थी थांबून विचारतो, "सर, मामाबरोबर धरणावर जायचंय, होडीतून मासे धरायला. पाऊस आहे, जाऊ का?"

आपल्यापैकी बहुतेक जण चटकन सांगतील, "पावसात होडीत बसायचं नाही!" उत्तर काळजीपोटी दिलेले असते. पण मुलगा त्यातून एक चुकीचा नियम शिकतो. पाऊस असेल तर धोका, पाऊस नसेल तर धोका नाही, असा तो नियम. मग मे महिन्यातल्या लख्ख दुपारी किंवा श्रावणातल्या उघडिपीत तो बिनधास्त होडी सोडतो. खरा धोका पुष्कळदा तेव्हाच असतो. म्हणून 'जाऊ नकोस' एवढे सांगण्याऐवजी धोका कशात आहे आणि तो आधी ओळखायचा कसा, हे पाहू.

होडीत साठणारा पाऊस

आधी पावसाचा स्वतःचा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. होडी ४ मीटर लांब आणि सरासरी सव्वा मीटर रुंद धरली, तर तिचे तोंड ५ चौरस मीटरचे झाले. तासाभरात २० मिलिमीटर पाऊस झाला, की होडीत १०० लिटर पाणी जमते. त्याचे वजन १०० किलो! दीड माणूस न बोलावता होडीत येऊन बसल्यासारखेच हे झाले.

पण माणूस आणि पाणी यांत एक फरक आहे. माणूस जागेवर बसून राहतो. पाणी मात्र होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलते करते. म्हणूनच होडीत नेहमी पाणी उपसायचा डबा हवा आणि तो वेळेवर वापरायला हवा. एवढी काळजी घेतली तर रिमझिम पाऊस होडीला सहसा बुडवत नाही. बुडवणाऱ्या गोष्टी तीन. वीज, वारा आणि वरून येणारे पाणी.

वीज : मे महिन्याची आणि ऑक्टोबरची

महाराष्ट्रात विजांचा जोर मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि तो परतताना जास्त असतो. जुलैतल्या संततधारेचे ढग आडवे पसरलेले असतात, त्यांत गडगडाट कमी. उलट वळवाचा ढग उभा वाढतो. सकाळी आकाश निरभ्र, दुपारी उकाडा, पश्चिमेला किंवा दक्षिणेला कापसासारखे ढीग आणि तासा-दोन तासांत त्यांचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरलेला, हा त्याचा क्रम. द्राक्षबागाईतदारांना तो सांगायला नको, कारण गारपीट याच ढगांतून होते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजले आणि त्यांना तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा २४ सेकंद लागले. अंतर झाले ८ किलोमीटर. वादळ ताशी ४० किलोमीटर वेगाने येत असेल तर ते १२ मिनिटांत डोक्यावर येईल. होडी काठापासून एक किलोमीटरवर आहे आणि वल्ह्याने ती ताशी ३ किलोमीटर जाते. काठ गाठायला लागतील २० मिनिटे. म्हणजे पहिला गडगडाट ऐकला तेव्हाच उशीर झालेला होता.

त्यातही वीज पाऊस पडत असलेल्या जागेच्या आठ-दहा किलोमीटर पुढेही पडू शकते. सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे होडीतला माणूस, आणि हातातला ओला गळ त्या उंचीत भरच घालतो. तेव्हा गडगडाट ऐकू आला की धोक्याच्या टप्प्यात आलोच, असे समजावे. काठावर आल्यावर झाडाखाली थांबू नये. पक्क्या घरात किंवा धातूचे छप्पर असलेल्या बंद गाडीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात परत जाऊ नये.

वारा : पावसाच्या आधी येणारा

वळवाच्या पावसाआधी अचानक गार वारा सुटतो, धूळ उडते, मातीचा वास येतो. असे का होते? ढगातून पडणाऱ्या पावसाने हवा थंड होते, जड होते आणि वेगाने खाली येते. जमिनीवर आपटून ती चहूकडे पसरते, पाण्याची बादली ओतावी तशी. हा वारा पावसाच्या पुढे धावतो. म्हणून होडीवर पहिला घाव वाऱ्याचा बसतो, पावसाचा नव्हे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा ४५ झाला, तर वेग तिप्पट पण धक्का नऊपट. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते. वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर वाहतो. तीन किलोमीटर लांबीच्या जलाशयावर असा वारा टिकला तर हातभर उंचीच्या लाटा उठू शकतात. लहान होडीची कड पाण्याच्या वर बहुधा वीत-दीड वीतच असते!

उपकरण जवळ नसले तरी वारा डोळ्यांनी मोजता येतो. ब्रिटिश आरमारी अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाऱ्याच्या श्रेणीत लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसला की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर, आणि फेस सगळीकडे दिसू लागला की २० ते २८ किलोमीटर मानतात. लहान उघड्या होडीसाठी 'सगळीकडे पांढरे दिसले की पाण्यात नाही' हा नियम पुरेसा आहे.

वरून येणारे पाणी

आता आपल्या भागातला खास धोका. पिंपळगावच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर कादवा नदीवर पालखेड धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला करंजवण, वाघाड ही धरणे. पुढे कादवा आणि गोदावरी नांदूरमध्यमेश्वरला भेटतात आणि पाणी जायकवाडीकडे जाते. २०२० साली रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले पक्षी अभयारण्य ते हेच.

नाशिक जिल्ह्याचा पाऊस पाहा. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक, तर निफाड तालुक्यात साधारण पाचशेच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे ऊन असताना वर डोंगरात मुसळधार पडत असू शकते. धरणे भरली की दरवाजे उघडतात आणि निरभ्र आकाशाखाली नदीला पूर येतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिकला गोदावरीने मोठे पूर दाखवले. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशी मोजणी नाशिककर पूर्वीपासून करत आले आहेत. ती एक प्रकारची पूरमापक पट्टीच आहे.

वर्तमानपत्रात विसर्ग 'क्युसेक'मध्ये देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. एक हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ तीन टँकर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला अठ्ठावीस! बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला हे पाणी होडीला दरवाज्याकडे ओढते. खालच्या बाजूला कोसळणारे पाणी उलटे फिरून भोवऱ्यासारखा आडवा रूळ तयार करते. त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच खेचली जाते आणि पट्टीचा पोहणाराही तिथून सुटत नाही.

या धोक्यात एक सोय मात्र आहे. त्याला वेळ लागतो. धरण ३० किलोमीटर वर असेल आणि प्रवाह सेकंदाला २ मीटर असेल, तर पाणी पोहोचायला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. विसर्गाची बातमी विचारली तर हे चार तास हाताशी असतात. विचारलीच नाही, तर एक मिनिटही नसते.

मग माणूस पावसात जातो कशाला?

मोह खरा आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात नव्या पाण्याबरोबर अंडी घालायला निघतात. पहिल्या पुरातले चढणीचे मासे गावोगाव माहीत असतात. पण याच दिवसांत धरलेला मासा म्हणजे पुढच्या वर्षीची हजारो पिल्ले. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते, तिच्यामागे वादळी समुद्राइतकेच हेही कारण आहे.

'हवेचा दाब उतरला की मासा गळाला लागतो' असेही सांगतात. जरा तपासू. पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेले की दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने, म्हणजे एक मिलिबारने वाढतो. पाऊस येताना हवेचा दाब फार तर काही मिलिबारने उतरतो. तेवढा फरक मासा वीतभर वर-खाली होताना रोजच अनुभवतो. शिवाय आपल्या अक्षांशावर दाब दररोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार मिलिबारने उतरतो, पाऊस असो वा नसो. युरोपातली वादळे दाब वीस-तीस मिलिबारने पाडतात, म्हणून तिथल्या पुस्तकांतले वायुभारमापकाचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याला ढगांचा माथा आणि धरणाचा विसर्ग अधिक खरे सांगतो.

दोन वेळांची तुलना

आता सगळे एका सूत्रात बसवता येते. होडी सोडण्यापूर्वी काठावर उभे राहून दोन वेळा काढाव्यात. पहिली, धोका कळल्यापासून तो येईपर्यंतचा वेळ. दुसरी, मला काठावर परतायला लागणारा वेळ. दुसरी पहिलीपेक्षा बरीच कमी असेल तरच जावे. वाऱ्याविरुद्ध वल्हवायचे तर दुसरी वेळ दुप्पट धरावी.

समुद्रावरही हाच हिशेब चालतो. १८५९ च्या वादळात 'रॉयल चार्टर' जहाज बुडून चारशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर १८६१ मध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी ब्रिटनच्या बंदरांत वादळाच्या खुणा डोलकाठीवर चढवायची पद्धत सुरू केली. आपल्याकडे कलकत्ता बंदरासाठी १८६५ मध्ये इशारे सुरू झाले. कोकणात आजही 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हणतात. पण बावटा काठावरच्या माणसालाच दिसतो. २०१७ च्या ओखी वादळात शेकडो मच्छीमार गेले, कारण अनेक होड्या काही दिवस आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. वादळाला यायला लागला त्याहून त्यांना परतायला लागणारा वेळ जास्त होता. केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक होड्या भरकटत थेट आपल्या देवगडला लागल्या आणि त्यांवरची माणसे वाचली.

मग त्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? जलाशयातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते. आधी त्या मंडळींना विचार. पाणी कुठे ओढते ते त्यांना ठाऊक असते. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघ. नारिंगी किंवा लाल असेल तर विषय संपला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवते, ते बघ. वरच्या धरणाचा विसर्ग विचार. सगळे ठीक असेल तरी काठापासून २५० मीटरच्या आत राहा, म्हणजे पाच मिनिटांत परतशील. बंधाऱ्याच्या जवळ, वर किंवा खाली, जाऊ नकोस. तरंगजाकीट घालून बस, नुसते जवळ ठेवू नकोस. आणि परतायची खूण काठावरच ठरव. पाण्यात, मासे लागत असताना, 'अजून पाच मिनिटे' असेच वाटत राहते.

वर्गात करण्यासारखे

१) पसरट ट्रे पाण्यावर तरंगवा. त्यात २०० ग्रॅमचे वजन मधोमध ठेवून हलकेच कलवा. मग वजन काढून २०० मिलिलिटर पाणी ओता आणि पुन्हा कलवा. कोणता ट्रे लवकर उलटतो?

२) झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा डबा बादलीत दाबून पाहा. किती जोर लागतो? पाण्यात माणसाचे शरीर जवळजवळ तरंगतेच, तोंड पाण्याबाहेर ठेवायला थोडाच आधार लागतो. पाच लिटरचा डबा जवळपास पाच किलोचा आधार देतो.

३) जून ते ऑक्टोबर रोजच्या वर्तमानपत्रातून पालखेड आणि नांदूरमध्यमेश्वरचा विसर्ग, आणि शाळेतल्या पर्जन्यमापकाचा पाऊस एकाच आलेखावर मांडा. शाळेत शून्य पाऊस आणि नदीला पूर, असे दिवस किती सापडले ते मोजा.

तिसरा आलेख वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावा. शनिवारी कोणी विचारले की त्याला तिकडे बोट दाखवता येईल आणि उत्तर त्याचे त्यालाच काढता येईल.